परसबागांची मोजणी आणि हरवलेला छेद

सप्टेंबर उजाडला की देशभर ‘राष्ट्रीय पोषण माह’ सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ आकड्यांची वर्दळही सुरू होते. किती अंगणवाड्यांत पोषण वाटिका उभ्या राहिल्या, किती मेळावे झाले, बियाण्यांची किती पाकिटे वाटली गेली, किती कोटी लोक ‘सहभागी’ झाले. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथे पोषण अभियानाचा आरंभ झाला, तेव्हापासून परसबाग हा या अभियानाच्या प्रचाराचा एक ठळक विषय राहिला आहे. सन २०२२ मध्ये ४.३७ लाख अंगणवाडी केंद्रांत पोषण वाटिका तयार झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. हा आकडा खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु देशातील अंगणवाडी केंद्रांची संख्या १४ लाखांच्या घरात आहे, हे वाक्य त्याच्या शेजारी ठेवून पाहा. वाचणाऱ्याच्या मनातील चित्र लगेच पालटते. शिवाय अंगणवाडीची बाग ही शिकवण्याची जागा आहे. ती पाहून किती घरांच्या मागे दोडक्याचा वेल चढला, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर या आकड्यात नाही.

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद या दोघांची ओळख एकाच दिवशी होते. सार्वजनिक कार्यक्रमांच्या अहवालांत मात्र अंश तेवढा उरतो. आलेल्या स्त्रिया मोजल्या जातात. येऊ शकल्या असत्या अशा स्त्रिया मोजल्या जात नाहीत. कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचे एक सुप्रसिद्ध सूत्र रसेल ग्लासगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले. त्यात ‘पोहोच’ या शब्दाची व्याख्या दोन अंगांनी केली आहे. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांच्यापैकी किती जण आले, हे पहिले अंग. जे आले ते न आलेल्यांसारखेच होते काय, हे दुसरे. पहिल्यासाठी छेद लागतो आणि दुसऱ्यासाठी न आलेल्यांच्या घरी जावे लागते. आपली हजेरीपत्रके या दोन्ही कामांना निरुपयोगी आहेत.

परसबागेचे शिक्षण देणारी आपली यंत्रणा लहान नाही. पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी गृहविज्ञानाच्या तज्ज्ञ गावोगावी जाऊन वाफे आखून दाखवतात. ग्रामीण उपजीविका अभियानाचे बचत गट, अंगणवाडी सेविका, स्वयंसेवी संस्था हे सर्व त्याच कामात आहेत. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वाफे असलेली वर्तुळाकार बाग, सांडपाण्यावर वाढवलेला अळू, कुंपणाला शेवगा, दाराशी कढीपत्ता, हे धडे चांगले आहेत आणि स्वस्तही आहेत. म्हणूनच त्यांची मोजणी नीट व्हावी असे वाटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले, आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे दिसले. ज्या घरांत ही बालके आणि या स्त्रिया आहेत, त्याच घरांत परसबागेचा धडा पोहोचला काय, एवढेच विचारायचे आहे.

बहुधा तो तिथेच कमी पोहोचतो, आणि त्याची कारणे गूढ नाहीत. बाग म्हटली की परस हवे, म्हणजे घरामागे मोकळी जागा हवी. ती जागा आपलीच राहील याची खात्री हवी. पाणी हवे, शेळ्याकोंबड्यांना अडवणारे कुंपण हवे आणि प्रशिक्षणाच्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे हवेत. भूमिहीन मजुराच्या बायकोकडे यांतले एखादे असेल, सर्व क्वचितच असतात. ज्या कुटुंबाने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर सहा महिने स्थलांतर केले, त्याचे नाव त्या गावच्या बागेच्या यादीत येण्याचा संभवच नाही. शहरात गच्चीवरील बागेला अनुदान देणाऱ्या योजनांची हीच कथा. तिथे आधी गच्ची असावी लागते. याचा परिणाम असा होतो की कार्यक्रम जसजसा वाढतो तसतसा तो आधीच बऱ्या स्थितीत असलेल्यांत अधिक खोल रुजतो, आणि हजेरीचा आकडा मात्र आनंदाने चढत राहतो.

त्या आकड्यात आणखी एक दोष असतो. अनेक कार्यक्रमांच्या सहभागाची बेरीज केली की ती हजेऱ्यांची बेरीज होते, माणसांची नव्हे. एकच स्त्री बचत गटाची सदस्य म्हणून मोजली जाते, गरोदर माता म्हणून मोजली जाते, पाककृती स्पर्धेची प्रेक्षक म्हणूनही मोजली जाते. तिने तीन वेळा ऐकले यात वाईट काही नाही. पण तीन स्त्रियांनी एकदा ऐकणे आणि एका स्त्रीने तीनदा ऐकणे हे बेरजेत सारखे दिसते, गावात सारखे नसते.

आणि मग ऋतू. पोषण माह सप्टेंबरात येतो. देशाच्या बहुतेक भागांत नैर्ऋत्य मोसमी पावसाचा तो शेवटचा टप्पा; उकिरड्यावरही भोपळ्याचा वेल फुललेला असतो. त्या महिन्यात परसबागांची छायाचित्रे काढून मोजणी करणे म्हणजे दिवाळीत घरोघरी जाऊन लोक रोज काय खातात याचा अंदाज बांधण्यासारखे आहे. परसबागेची परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते, जेव्हा हंडा डोक्यावरून आणावा लागतो आणि बाजारात भाजी महाग असते. (तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसामुळे हे वेळापत्रक वेगळे पडेल, म्हणजे मोजणीचा महिना दिल्लीत बसून ठरवता येणार नाही.)

या अडचणींवर मात करणारी मोजणी आपल्याच देशात झाली आहे. ओडिशाच्या केंदुझर जिल्ह्यात झालेल्या आणि २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गावांचे १४८ समूह यादृच्छिक पद्धतीने चार गटांत वाटले गेले. तीन गटांत महिला मंडळांना ३२ महिने चित्रफिती दाखवल्या गेल्या: एकात पोषणाला पूरक शेतीच्या, दुसऱ्यात शेती व आहार दोन्हींच्या, तिसऱ्यात या दोन्हींच्या जोडीला सहभागी चर्चेच्या बैठका. चौथ्या गटात यांतले काहीच नव्हते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की परिणाम मोजताना केवळ बैठकीला आलेल्या स्त्रियांना प्रश्न विचारले गेले नाहीत. त्या गावांतील लहान मुलांच्या मातांतून, त्या आल्या असोत वा नसोत, नमुना घेतला गेला.

निष्कर्ष संमिश्र होते, म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात. ज्या दोन गटांत आहाराचे शिक्षणही होते, तिथे विविध अन्नगट खाणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले. केवळ शेतीच्या चित्रफितींच्या गटात तशी वाढ दिसली नाही. मातांच्या आहारातील वैविध्य केवळ शेतीच्या गटात आणि बैठकांची जोड असलेल्या गटात वाढले. मातांचे वजन-उंची गुणोत्तर आणि मुलांची कृशता मात्र कोणत्याही गटात बदलली नाही. ‘इतक्या हजार स्त्रियांना प्रशिक्षण दिले’ या वाक्यातून यांतले काहीही कळले नसते. काहीच न मिळालेला चौथा गट हाही इथे मोलाचा ठरतो. केरळच्या घरालगतच्या बागा, आसाम आणि छत्तीसगडमधील ‘बाडी’, कोकणातील परसदार या कोणत्याही योजनेच्या कितीतरी आधीच्या आहेत. अशा प्रदेशात बागा मोजून त्या योजनेच्या नावावर मांडणे ही गफलत सहज होते, आणि जिथे उद्दिष्टपूर्तीचा तगादा असतो तिथे ती जाणूनबुजूनही होत असावी.

यावर ‘प्रत्येक जिल्ह्यात एवढी मोठी चाचणी कशी परवडेल’ असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. पण चाचणी आणि मोजणी यांत भेद आहे. नमुना पाहणीचे शास्त्र या देशाला परके नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाचे क्षेत्र नमुन्यावरून काढून दाखवले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणी प्रयोगांची पद्धत उभारली. या दोघांत नमुन्याच्या तुकड्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला की त्याच्या सीमेवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी आकड्यांनिशी दाखवले. मोजणाऱ्याचा अप्रामाणिकपणा त्यासाठी लागत नाही. सीमारेषेवर उभे राहिल्यावर हात आपोआप आत वळतो. परसबागेच्या यादीत दोन मिरचीची रोपे असलेली कुंडी ‘बाग’ म्हणून धरताना नेमके हेच घडते. तेव्हा बाग कशाला म्हणायचे हे आधी ठरले पाहिजे. निदान तीन प्रकारच्या भाज्या, गेल्या सात दिवसांत त्यांतील एक तरी घरात शिजलेली, अशी साधी व्याख्याही पुरे.

पुढचे काम वाटते तितके अवघड नाही. कारखान्यातील मालाचा दर्जा तपासण्याच्या पद्धतीतून आलेली आणि सार्वजनिक आरोग्यात अनेक वर्षे वापरात असलेली एक छोटी नमुना पद्धत आहे. तीत एका पर्यवेक्षण क्षेत्रातून केवळ १९ घरे यादृच्छिक रीतीने निवडतात. १९ घरांवरून अचूक टक्केवारी निघत नाही, तसा दावाही नाही. उद्दिष्ट गाठले की नाही, एवढा कौल मात्र मिळतो. निम्म्या घरांत बाग हवी असे उद्दिष्ट असेल, तर १९ पैकी निदान ७ घरांत ती सापडली पाहिजे. त्याहून कमी सापडल्या तर तो भाग मागे आहे असे समजावे. सात हा आकडा निम्म्याहून कमी का, असे कोणी विचारील. निवडीतील योगायोगाने चांगल्या भागावर अन्याय होऊ नये म्हणून ती सूट असते.

हे काम अंगणवाडी सेविकेच्या माथी मारू नये. तिच्याकडे नोंदी ठेवण्याचे ओझे आधीच पुष्कळ आहे, आणि स्वतःच्या कामाची परीक्षा स्वतःच घ्यायला लावणे तिच्यावर आणि आकड्यावर दोन्हींवर अन्याय आहे. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावांत राहतातच. दुसऱ्या तालुक्यातील विद्यार्थी, यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली घरे आणि चार-पाच प्रश्न एवढ्यावर ते भागेल.

त्या प्रश्नांत एक मी आग्रहाने घालीन: यंदाचे बी कुठून आणले? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी. त्यांच्या यशकथा उदंड लिहिल्या गेल्या. परंतु मोजणी करणाऱ्याने त्यातून उचलावी अशी गोष्ट बियाण्याची आहे. योजनेतून मिळालेले पाकीट संकरित वाणाचे असेल, तर त्यातून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच उगवेल याची खात्री नसते आणि बाग पुढच्या पाकिटाची वाट पाहत बसते. जिथे घरच्या वालाचे किंवा घेवड्याचे बी राखेत घालून ठेवले आहे, किंवा शेजारणीकडून मागून आणले आहे, तिथे शिक्षण पोहोचले असे म्हणता येईल. शेजारणीने बी दिले असेल तर ते हजेरीपत्रकाबाहेरही गेले, आणि ही पोहोच आजचा एकही अहवाल मोजत नाही. म्हणजे सध्याची पद्धत यश फुगवते तशी काही ठिकाणी ते झाकूनही ठेवते, आणि त्याची शिक्षा चांगले काम करणाऱ्या केंद्रांना निधीच्या वाटपात भोगावी लागते.

दुसरा प्रश्न न आलेल्यांसाठी: प्रशिक्षणाच्या दिवशी तुम्ही कुठे होता? कोणी सांगेल रोजगार हमीच्या कामावर, कोणी सांगेल टँकर येणार होता, कोणी सांगेल आम्हाला कोणी बोलावलेच नाही. ही तिन्ही उत्तरे तीन वेगळ्या दुरुस्त्या सुचवतात. वेळ बदलणे, पाण्याची सोय आधी करणे, आणि निमंत्रण गावाच्या कोणत्या आळीपर्यंत जाते ते पाहणे. येत्या पोषण माहच्या अहवालात सहभागींच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: पात्र कुटुंबे किती, आणि मे महिन्यात जिवंत आढळलेल्या बागा किती. पहिल्या वर्षी हे दोन्ही आकडे लहान आणि काहीसे लाजिरवाणे निघतील. ते तसेच छापावेत.