खोळंब्याची रोजी
गोंदिया जिल्ह्यातील उक्त्या कारागिरांचा जाहीरनामा

आम्ही राईस मिलचे फिटर, मोटार रिवायंडिंग करणारे, वायरमन, वेल्डर, गवंडी, सेंटरिंगवाले आणि आमचे हेल्पर. आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत आम्ही कामे उक्ती घेतो. रक्कम ठरते, मुदत ठरते आणि मुदत ठरवताना दोन्ही बाजू खोटे बोलतात. हा व्यवहार मोडायला आम्ही एकत्र येत आहोत.

दिवाळीच्या सुमारास नवे धान येऊ लागते. त्याआधी मिल उघडून शेलर, पॉलिशर, एलिव्हेटर दुरुस्त करून घ्यायचे असतात. हाताचे काम चार दिवसांचे. पण मशीन वेळेवर मोकळी करून मिळत नाही, बेअरिंग नागपूरहून किंवा रायपूरहून यायचे असते, लाइन जाते, आणि जुन्या मशिनीच्या पोटात काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. या खोळंब्याचे पैसे वेगळे कोणी देत नाही, म्हणून मिस्त्री आठ दिवस सांगतो. मालकही जाणून असतो. तो सवयीने दोन कापतो. पुढच्या हंगामात मिस्त्री दहा सांगतो. या ओढाताणीत खरे चार सांगणाराच बुडतो.

सामान वेळेवर आले की उलटी तऱ्हा. काम पाचव्या दिवशी उरकते आणि उरलेले दिवस कसलेले नट पुन्हा कसण्यात जातात, कारण लवकर संपवले तर पुढच्या वर्षी भाव पडतो. हाताशी जितका वेळ असेल तितके काम पसरते, असे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिले. त्यांचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता. आमच्याकडे काम आपसूक पसरत नाही, पोटासाठी पसरवावे लागते.

थांबलेल्या हातांनाही पोट असते, हे कायद्याने कधीच मान्य केले आहे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात निम्म्या वेतनाची भरपाई आली. पण ती मोठ्या कारखान्यातल्या, हजेरीपटावर वर्ष भरलेल्या कामगाराला. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मागूनही काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मान्य केला. पण तो अकुशल कामापुरता. आज या मिलवर, उद्या त्या स्लॅबवर जाणारा कारागीर दोन्हींच्या बाहेर राहिला.

म्हणून आमचा निर्धार:

१. अंदाज तीन रकान्यांत लिहून देऊ: हाताचे काम, सामानाची वाट, जुन्या मशिनीची जोखीम. एका रकान्यातले दिवस दुसऱ्यात लपवणार नाही.

२. हाताच्या कामाचे दिवस फुगवणार नाही. मालकाने ते घासाघीस करून कापू नयेत.

३. मालकाच्या बाजूने खोळंबा झाला तर त्या दिवसाची निम्मी रोजी घेऊ. आमची हत्यारे, आमची गैरहजेरी यांमुळे झाला तर एक पैसाही मागणार नाही.

४. जोखमीचे दिवस वापरले गेले नाहीत, तर त्यांचे पैसे सोडून देऊ. हाताचे काम मुदतीआधी संपले, तर ठरलेली रक्कम मात्र पूर्ण घेऊ. ती कमाई हातातल्या कसबाची आहे.

५. बसलेल्या वेळी कामाचे सोंग आणणार नाही. हत्यारांना धार लावू, हेल्परला शिकवू, आणि करण्यासारखे काही नसेल तर उघडपणे सावलीत बसू.

६. मिस्त्रीला मिळालेल्या खोळंब्याच्या रोजीतून हेल्परचा वाटा त्याच दिवशी देऊ. आज मिस्त्रीचा खोळंबा फुगवलेल्या मुदतीत भरून निघतो, हेल्पर मात्र कोरडा घरी जातो. मालकाकडे जे मागतो ते हेल्परला नाकारणाऱ्याला या चळवळीत जागा नाही.

७. कोणी हे दर लावून काम गमावले, तर ते काम दुसरा सभासद कमी दराने उचलणार नाही.

मालकांना आमचे सांगणे: तुम्ही खोळंब्याचे पैसे आजही देताच, फक्त कशाचे देता ते तुम्हाला दिसत नाही. रकाने वेगळे झाले की बेअरिंग आधी मागवून ठेवणे स्वस्त की मिस्त्रीला बसवून ठेवणे, हा हिशेब तुमचा तुम्हीच कराल.

प्रत्येक सभासद वही ठेवेल: सांगितलेले दिवस आणि लागलेले दिवस. आमचा जिल्हा १९९९ साली १ मे रोजी, कामगार दिनीच अस्तित्वात आला. दरवर्षी त्या दिवशी या वह्या मालकांसमोर उघडू. ज्याला आपली वही दाखवायची लाज वाटत नाही, त्या प्रत्येक कारागिराने आजच नाव नोंदवावे.