डॉक्टरची निवड: पदवी, नोंदणी आणि संवाद

डॉक्टर निवडताना पाटीवरील पदव्या आणि इमारतीचा झगमगाट यांकडेच प्रथम लक्ष जाते. परंतु मधुमेहासारख्या, आयुष्यभर सोबत राहणाऱ्या आजारात रुग्णाला खरी गरज असते ती त्याचा पूर्वेतिहास, कामाच्या वेळा आणि घरचे जेवणखाण ठाऊक असलेल्या डॉक्टरची. एचबीए१सी ही चाचणी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी तपासणी, केवळ आकडा देते. तो का वाढला, रात्रपाळीमुळे गोळी चुकते की औषध परवडत नाही म्हणून अर्धीच घेतली जाते, हे शांतपणे विचारणाऱ्या डॉक्टरलाच उपचाराची दिशा सापडते. या बाबतीत जुन्या फॅमिली डॉक्टरची जागा मोठमोठी रुग्णालये भरून काढू शकलेली नाहीत, ही मनापासून खेदाची बाब आहे.

पात्रतेची खातरजमा मात्र केवळ ओळखीपाळखीवर सोडू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे व औषधांच्या चिठ्ठीवर नमूद करणे अपेक्षित आहे, तसेच मागणी झाल्यास उपचारांच्या नोंदी ७२ तासांत देणेही. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी उपचारांच्या नोंदी घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत विचारणे हा अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे, आणि त्यावर नाराज होणाऱ्या डॉक्टरकडे शस्त्रक्रियेचा निर्णय सोपवण्याची घाई कुटुंबाने करू नये.