वर्षाखेरचा जमाखर्च

एप्रिल महिना सरत आला कीं शाळेच्या कचेरींत दोन बेरजा चालू होतात. एक गुणांची व दुसरी पैशांची. पहिली बहुधा जमते. दुसरी जमविण्यासाठीं सभा बोलवावी लागते. आमच्या परिचयाची एक लहानशी मराठी शाळा आहे. कोणा मोठ्या संस्थेचा तिला आधार नाहीं. पांचसात कुटुंबांनीं वर्गणी गोळा करून ती काढिली व तशीच ती आजवर चालली आहे. निवृत्तीनंतर आठवड्यांतून दोन दिवस आम्ही तेथें संस्कृताचा तास घेतों, त्यामुळें वर्षाखेरच्या सभेचें आमंत्रण आम्हांसही असतें.

प्रथम वर्तमान सांगतों. परीक्षांचे निकाल चांगले लागले. मागच्या दोन खोल्यांचीं कौलें चाळून झालीं. एका माजी विद्यार्थ्यानें वाचनालयास कपाटभर पुस्तकें दिलीं. संमेलनांत मुलांनीं नाटुकलें केलें व त्यांत राजाची मिशी दोनदां गळून पडली, तथापि राजानें राज्य सोडलें नाहीं. परंतु हजेरीपट पाहूं गेल्यास हंसूं मावळतें. गेल्या जूनमध्यें पहिलींत अवघीं नऊ मुलें आलीं. त्यांतलीं दोन दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेंत गेलीं.

सभेंत एका सभासदांनीं सरळच विचारलें, ‘‘पाटी बदलून इंग्रजी माध्यम करावें, कीं कुलूप लावावें?’’ आम्हांस राग आला. मातृभाषेच्या महतीवर आम्ही बराच वेळ बोललों. बोलणें संपल्यावर पहिलीच्या बाईंनीं अगदीं शांतपणें विचारलें, ‘‘गुरुजी, आपला नातू कोणत्या शाळेंत जातो?’’

आम्ही निरुत्तर झालों. आमचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातो, आणि त्याच्या प्रवेशाच्या दिवशीं पहांटे रांगेंत उभे होतों ते आम्हीच. सभा निर्णयावांचून उठली. आठ दिवसांनीं पुन्हां भरावयाचें ठरलें.

त्या रात्रीं झोंप लागेना. उठून जुनीं पुस्तकें काढिलीं व पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभींच्या वर्षांची हकीकत पुन्हां वाचली. १८८० च्या जानेवारींत ती शाळा निघाली. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हां तिशीच्या आंत होते. बळवंतराव टिळक तेवीस वर्षांचे. नामजोशी त्यांस मिळाले, वामन शिवराम आपटे आले, आणि एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर पुढच्या वर्षीं दाखल झाले. पहिलें वर्ष संपतें न संपतें तोंच या मंडळींनीं १८८१ च्या जानेवारींत दोन वृत्तपत्रें काढिलीं; ‘मराठा’ इंग्रजींत व ‘केसरी’ मराठींत. त्याच सालीं आपट्यांचें संस्कृत रचनेवरचें प्रसिद्ध पुस्तक निघालें, ज्यावर आमच्यासारख्या कित्येकांचें व्याकरण पोसलें आहे. शाळेच्या नांवांतच ‘इंग्लिश’ हा शब्द होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. शाळेंत इंग्रजी शिकवावें व मराठींत लिहून लोकांस जागें करावें, यांत त्यांस विसंगति वाटली नाहीं.

आतां १८८२ साल पहा. १७ मार्च रोजीं विष्णुशास्त्री वारले. वय अवघें एकतीस. त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांस तुरुंगवास घडला. शाळेचा संस्थापक गेलेला व दोन शिक्षक डोंगरीच्या तुरुंगांतून आलेले, अशा वर्षाचा जमाखर्च कोणी हिशेबी माणसानें मांडिला असता, तर त्यानेंही कुलुपाचाच सल्ला दिला असता. परंतु त्याच वर्षीं शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनीं शाळा पाहून तिची वाखाणणी केली. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. पुढें याच मंडळींत वाद माजले व १८९० मध्यें टिळक संस्थेंतून बाहेर पडले, हेंही खरें. तीं माणसेंच होतीं. त्यांच्या कलहामुळें आम्हांस उलट धीर आला.

संस्कृतांत ‘शिक्षा’ हा शब्द ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. समर्थ होण्याची इच्छा, असा त्याचा मूळ भाव. मराठींत तो दंडाच्या अर्थीं रूढ झाला, त्यांत आम्हां मास्तरांचा वांटा थोडाथोडका नाहीं. आईबाप इंग्रजी शाळेकडे धांवतात तेही मूल समर्थ व्हावें म्हणूनच. त्यांस भाषाद्रोही म्हणण्यानें पहिलींत एकही मूल वाढणार नाहीं. मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात; तें आम्हीं इतकें चांगलें कां शिकवूं नये, कीं कोणास भीति वाटूं नये?

दुसऱ्या सभेंत आम्हीं आधीं बाईंची क्षमा मागितली, मग एवढेंच बोललों. ठरलें तें असें. पाटी बदलावयाची नाहीं व कुलूपही लावावयाचें नाहीं. एक वर्ष पहावयाचें. इंग्रजीचा तास रोज व्हावा. त्यासाठीं निवृत्त झालेल्या एक बाई विनावेतन येण्यास तयार आहेत. दर शनिवारीं ओसरीवर गोष्टींचा तास, त्यास कोणत्याही शाळेचें मूल चालेल. मे महिन्यांत आम्ही चौघेजण घरोघर जाऊं. व्याख्यान द्यावयाचें नाहीं, आईबापांचें म्हणणें ऐकावयाचें.

घरीं येऊन आम्हीं हा बेत सूनबाईस सांगितला. ती म्हणाली, ‘‘मामंजी, शाळा आतां मधेंच बदलायला नको. पण शनिवारीं त्याला घेऊन जा.’’ नातवानें विचारलें, ‘‘आजोबा, तिथें राक्षसाच्या गोष्टी असतात का?’’ आम्हीं ‘हो’ म्हणून गेलों आहों. तेव्हां आतां राक्षस शोधणें आलें. ज्या वाचकांच्या गांवीं अशी एखादी लहान शाळा असेल, त्यांनीं वर्गणी द्यावीच; पण जमल्यास आठवड्यांतून एक तास स्वतः जावें. जूनमध्यें हजेरीपट उघडेल, तेव्हां पहिलींत किती नांवें पडलीं तें याच सदरांत कळवूं, आंकडा कोणताही असो.