पाणी किती वाजता गेले?

‘नववा महिना. पाणी गेले आहे, कळा नाहीत. पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ अशी संदर्भ चिठ्ठी आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी लिहिली आहे, नाहीतर हातात घेतली आहे. तिच्यावर रक्तदाब असतो, हिमोग्लोबिन असते, नवऱ्याचा मोबाइल नंबरही असतो. पाणी किती वाजता गेले, हे मात्र पुष्कळदा नसते. आणि पुढच्या डॉक्टरला सगळ्यांत आधी हवे असते ते तेच. प्रतिजैविक कधी सुरू करायचे, कळा आणायच्या का, जन्मलेल्या बाळावर किती बारीक लक्ष ठेवायचे, हे बऱ्याच अंशी त्या एका वेळेवर ठरते. उपकेंद्रांतल्या आरोग्यसेविका, आशाताई, प्रसूतिकक्षातल्या परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी म्हणून या अंकात त्या एका नोंदीबद्दलच लिहायचे ठरवले.

ती नोंद हरवते कुठे, हे पाहायला बोदवड तालुक्यातले कुठलेही घर चालेल. शेलवडचे, जामठीचे, एणगावचे. रात्री दोनच्या सुमारास सून उठते तर परकर ओला. लघवी झाली असेल असे वाटून ती शरमते, कुणाला न सांगता कपडे बदलते आणि पुन्हा पडते. सकाळी चुलीपाशी वाकताना पुन्हा पाणी येते. आता ती सासूला सांगते. सासू विचारते, ‘‘पोटात दुखतंय का?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग थांब माय, अजून वेळ आहे.’’ आंघोळ होते, जेवण होते, घरची माणसे कापूस वेचायला जातात. दुपार टळल्यावर आशाताईला निरोप जातो आणि दिवेलागणीला ती दवाखान्यात पोहोचते. ‘‘पाणी कधी गेले?’’ ‘‘आज सकाळी.’’ पाणी जाऊन सोळा तास झालेले असतात आणि कागदावर दहा लागतात.

या घरात कुणीही निष्काळजी नाही. बाळंतपण म्हणजे कळा, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे; कळांशिवायही ते सुरू होऊ शकते, हे कुणी नीट सांगितलेले नाही. गरोदरपणाच्या तपासणीत आपण लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलतो, धनुर्वाताच्या लसीबद्दल बोलतो, रक्तस्राव झाला तर धावत या म्हणतो. पाण्याची पाळी आली की ‘पाणी गेले तर या’ एवढ्या चार शब्दांवर आटोपते. ते कसे जाते, कसे ओळखायचे आणि दुखत नसतानाही का यायचे, हे सांगायचे राहून जाते.

पूर्ण दिवसांच्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे आठ जणींचे पाणी कळा सुरू होण्याआधी जाते. म्हणजे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल साधारण आठशे मिलिलिटर असते, दिवस भरेपर्यंत ते सहाशेच्या घरात येते. पण एवढे सगळे एकदम बाहेर येईलच असे नाही. बाळाचे डोके खाली नीट बसलेले असेल तर बुचासारखे काम करते आणि पाणी नुसते पाझरत राहते. अंथरूण भिजवणारा लोंढा घरच्यांना कळतो. हा पाझर लघवी किंवा अंगावरून जाणे समजला जातो आणि तास वाया जातात ते इथेच. लघवी रोखून धरता येते, हे पाणी रोखता येत नाही. कोरडी स्वच्छ घडी ठेवून तासाभराने पाहायची, खोकताना किंवा उठताना ती भिजते का ते बघायचे, वास घ्यायचा. एवढे कुणालाही शिकवता येते. शंका उरली तरी निवाडा घरी करायचा नाही, दवाखान्यात यायचे.

आल्यावर काय करावे, याबद्दल आपल्या हाती चांगला पुरावा आहे. टोरांटोच्या डॉ. मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ७२ रुग्णालयांत ५,०४१ स्त्रियांवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे दिवस भरलेले होते, पाणी गेलेले होते आणि कळा नव्हत्या. ज्यांना ऑक्सिटोसिन देऊन लवकर कळा आणल्या, त्यांच्यात गर्भपिशवीच्या संसर्गाची लक्षणे ४ टक्के स्त्रियांत दिसली. वाट पाहिलेल्या गटात ८.६ टक्के. सिझेरियनचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले आणि बाळांच्या संसर्गातही ठळक फरक पडला नाही. याच माहितीच्या पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली: आतून केलेल्या तपासण्या जितक्या जास्त, तितका आईला संसर्गाचा धोका जास्त. हे सगळे मोठ्या रुग्णालयांतले, देखरेखीखालचे आकडे आहेत. घरी खाटेवर वाट पाहणे ही वेगळीच गोष्ट झाली.

म्हणून घाबरू नये आणि थांबूही नये. पाणी गेले म्हणजे बाळ कोरडे पडले, ही समजूतही प्रेमाने दूर करायला हवी. गर्भजल बनत राहते, आणि ‘कोरड्या बाळंतपणा’च्या भीतीने गावातच कुणाकडून कळांचे इंजेक्शन घेणे हा त्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. आपल्या प्रसूतिकक्षात असलेली सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी काय विचारते ते आठवा: कळा नसताना पाणी जाऊन १२ तास किंवा कळा असताना १८ तास उलटले का, ताप आहे का, स्रावाला घाण वास आहे का. उत्तर ‘हो’ असेल तर आईला प्रतिजैविक. तास मोजायचे तर सुरुवात माहीत हवी. चिठ्ठीवरची वेळ मोकळी राहिली की यादीतल्या त्या रकान्याला काही अर्थ उरत नाही.

३७ आठवड्यांच्या आत पाणी गेले तर वेळेच्या जोडीला दुसरी नोंद तितकीच मोलाची ठरते: नेमके किती आठवडे झालेत. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली प्रसूतीची शक्यता असेल तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, स्नायूत, दर १२ तासांनी, असे चार डोस; पहिला डोस आरोग्यसेविकेने देऊन पुढे पाठवावे, असे केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या इंजेक्शनाने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पण ते डोळे मिटून द्यायचे औषध नाही. आपल्या नागपूर आणि बेळगावसह सहा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, गावपातळीवर सरसकट वापर वाढवल्यावर एकूण नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी हजारी साडेतीनने वाढले आणि आईमध्ये संसर्गाचा संशयही वाढला. याउलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात आठवडे नीट मोजून, चांगली सोय असलेल्या रुग्णालयात दिल्यावर बाळे वाचली. दोन्ही निकाल एकत्र वाचले की बोध सरळ आहे. आठवडे नक्की असावेत, आईला संसर्गाची लक्षणे नसावीत आणि इंजेक्शन दिल्यावर तिला नवजात शिशूंची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचवावेच. प्रतिजैविकाचेही तसेच. दिवस भरण्याआधी पाणी गेले तर एरिथ्रोमायसिन. को-अमॉक्सिक्लॅव्ह टाळावे, कारण २००१ च्या ‘ओरॅकल’ अभ्यासात त्याने नवजात बाळांच्या आतड्याचा गंभीर आजार वाढलेला दिसला.

आता दारात पोहोचल्यावर आपण काय करायचे? आधी घड्याळ पाहायचे आणि बाईलाच विचारायचे. सासूला नाही, नवऱ्याला नाही. ‘‘कपडा पहिल्यांदा ओला कधी लागला? तेव्हा जेवणं झाली होती का? रात्रीची गाडी गेली होती का?’’ अशा खुणांनी तास सापडतो. मग पाण्याचा रंग: स्वच्छ की हिरवट, की लालसर. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केली आहे, वेळ गमावू नये. लाल असेल तर रक्तस्राव समजावा. बाळ हलते आहे का ते विचारावे, ठोके मोजून लिहावेत, ताप पाहावा. प्रसूती जवळ आल्याची चिन्हे नसतील तर आतून तपासू नये. लगेच चिठ्ठी लिहावी.

एक प्रसंग मात्र एका क्षणाचीही सवलत देत नाही. पाण्याबरोबर नाळ बाहेर आली तर ती आत ढकलू नये, सारखी हाताळू नये. बाईला डाव्या कुशीवर घेऊन कमरेखाली उशा किंवा गोधड्या द्याव्यात. प्रशिक्षित हात असेल तर निर्जंतुक मोजा घालून बाळाचे डोके नाळेवरून वर उचलून धरावे आणि सिझेरियनच्या टेबलापर्यंत तसेच धरून ठेवावे. पायाळू बाळ, जुळे, जास्त पाणी, अजून वर असलेले डोके, यांत हा धोका अधिक असतो. अशा स्त्रियांची नावे आपल्या वहीत आधीच लाल शाईने असावीत.

या सगळ्याची तयारी आठव्या महिन्यात व्हायला हवी आणि ती आपल्या मुलखाच्या सवयी पाहून व्हायला हवी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून. फाइल कधी सासरीच राहते, आणि तिच्याबरोबर पहिल्या सोनोग्राफीची तारीखही. ती आल्याच्या आठवड्यात आशाताईने माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा फोटो मोबाइलवर मागवून घ्यावा. दुसरीकडे सातपुड्यातून आलेली पावरा, बारेला कुटुंबे सालदारकीला, राखणीला शेतातच राहतात. गावच्या यादीत त्यांची नावे नसतात आणि खोपीपर्यंत गाडी जात नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत तर ट्रॅक्टरही रुततो. त्या घराशी आधीच ठरवावे: पाणी गेले तर कुणाला फोन करायचा, खोपीपासून डांबरी रस्त्यापर्यंत कशावर यायचे, रुग्णवाहिका नेमकी कुठे उभी राहील.

बोदवडहून भुसावळ तीसेक किलोमीटर, जळगाव पन्नासच्या पुढे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून नेणे, आणणे, औषधे, सिझेरियन, सगळे मोफत आहे. गाडीभाड्याच्या काळजीने सकाळची वाट पाहणाऱ्या घराला हे पाठ असायला हवे. आणि कुठे जायचे हे अंतरावर ठरवू नये. ३४ आठवड्यांच्या आत पाणी गेलेल्या बाईला जवळच्या पण नवजात कक्ष नसलेल्या दवाखान्यात नेले तर तिचा प्रवास दोनदा होतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला आपल्याकडे गरोदर मातांची तपासणी असते. येत्या ९ तारखेपासून आठवा लागलेल्या प्रत्येक बाईला, आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूला किंवा आईलाही, पाच मिनिटे फक्त पाण्याबद्दल सांगा. दुखो न दुखो, पाणी गेले की निघायचे, स्वच्छ सुती घडी ठेवायची, आत काही घालायचे नाही, रंग पाहायचा, वेळ लक्षात ठेवायची. मग तिच्या कार्डावर पेनाने एक ओळ लिहा: ‘पाणी गेल्याची तारीख आणि वेळ’, आणि पुढे जागा मोकळी सोडा. त्या रात्री ती जागा घरातले कुणीही शिकलेले लेकरू भरू शकते. आणि संदर्भ चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आमची विनंती आहे: ही वेळ आणि पूर्ण झालेले आठवडे लिहिल्याशिवाय चिठ्ठीवर सही करू नका.