धानाच्या मापाने मोटार

आपल्याकडे कोणत्याही वस्तूच्या महागाईची चर्चा सुरू झाली की घरातील वडीलधारी मंडळी हमखास जुने भाव काढतात. सोने इतके होते, तूप तितके होते आणि मारुती गाडी तर अवघ्या पन्नास हजारांत दारात उभी राहत होती! त्यावर तरुण मंडळी म्हणतात, 'मग तेव्हाच घेऊन ठेवायची होती.' या थट्टेत एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. ती गाडी खरोखरच स्वस्त होती काय? आणि असली, तर कोणासाठी?

हा हिशेब मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या खिशावरून पुष्कळदा मांडला गेला आहे. आपण तो अर्जुनी मोरगावच्या अंगणात बसून मांडू. झाडीपट्टीतला हा तालुका १९९९ च्या १ मेपर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, नंतर गोंदियात आला. इटियाडोह धरणाचे पाणी, बांध्यांतले धान आणि गोंदियाहून वडशाकडे जाणारा रेल्वेमार्ग ही त्याची ओळख. येथे घराची ऐपत रुपयांत मोजण्याआधी धानात मोजली जाते. तेव्हा मोटारही त्याच मापाने मोजणे योग्य.

परवान्यांचे दिवस

मारुती येण्यापूर्वी सामान्य माणसापुढे निवड अशी नव्हतीच. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिचे नाव पुढे पद्मिनी झाले, एवढ्याच दोन गाड्या प्रामुख्याने रस्त्यावर दिसत. साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारने ठरवून दिलेल्या त्यांच्या किमती पंधरा हजार रुपयांच्या आसपास होत्या. आज हा आकडा ऐकून हसू येते. परंतु मोटार ही तेव्हा सरकारच्या लेखी चैनीची वस्तू होती. परवाने मोजके, कर जबर आणि देशभरातील उत्पादन वर्षाला पन्नास हजारांहूनही कमी. पैसे हातात असलेल्यालाही वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. खेड्यात मोटार दिसलीच तर ती डॉक्टरांची, राइस मिलवाल्याची किंवा निवडणुकीच्या प्रचाराची. बाकी गावाचे वाहन म्हणजे सायकल, बंडी आणि एसटी.

१९८३ मध्ये हे चित्र हलले. त्या वर्षी मारुतीने दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी सुरू केली, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली. किंमत पन्नास हजार रुपयांच्या घरात होती.

त्या हंगामात धानाचा आधारभूत भाव होता क्विंटलला १३२ रुपये. म्हणजे मारुती घ्यायला सुमारे ३८० क्विंटल धान विकावे लागले असते. चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याने घरात एक दाणाही न ठेवता कित्येक वर्षांचे पीक केंद्रावर नेऊन टाकले असते, तेव्हा कोठे हा आकडा गाठला असता. 'अवघ्या पन्नास हजारांची' गाडी अर्जुनीच्या शेतकऱ्याला अवघी कधीच नव्हती.

नोकरदाराची वाट, शेतकऱ्याची वाट

१९९१ च्या आर्थिक बदलांनंतर १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मोकळा झाला. १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि टाटांची इंडिका बाजारात उतरली. त्या सुमारास मारुती ८०० दोन लाखांच्या आसपास होती आणि धानाचा भाव ४४० रुपये. हिशेब केला तर साडेचारशे क्विंटल! म्हणजे खुल्या बाजाराचा एवढा गाजावाजा झाला, त्या काळात धानाच्या मापाने गाडी १९८३ पेक्षाही महाग झाली होती.

पुढे मात्र उतार लागला. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. २००९ मध्ये नॅनो आली. जाहीर झालेली किंमत एक लाख असली तरी कर आणि वाहतूक धरून ती शोरूममध्ये सव्वा लाखाच्या घरात गेली. त्या वर्षीचा धानाचा भाव बोनससह हजार रुपये होता, म्हणजे गाडी सव्वाशे क्विंटलांत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर अल्टोची सुरुवातीची किंमत सुमारे ३ लाख ७० हजार झाली आणि २०२५-२६ चा भाव २,३६९ रुपये ठरला. म्हणजे १५६ क्विंटल. १९८३ च्या निम्म्याहूनही कमी.

आता शेजारच्या घरात डोकावू. केंद्र सरकारच्या सेवेतील सर्वांत खालच्या पदाचे मूळ वेतन १९८६ मध्ये ७५० रुपये झाले. गाडीची किंमत १९८३ चीच धरली, तरी ती ६६ महिन्यांच्या मूळ पगाराएवढी होती. २०१६ पासून हे मूळ वेतन १८,००० आहे. २०२५ च्या जुलैपासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता मिळवला की ते २८,४४० होते. म्हणजे अल्टो तेरा महिन्यांच्या पगाराची झाली. राज्यातले पगारही थोड्या मागेपुढे याच वाटेने गेले. एकाच गल्लीत शिपायाच्या घराला मोटार पाचपट जवळ आली आणि धानउत्पादकाला जेमतेम अडीचपट.

हातात उरते किती?

शिवाय पगार हा हातात येणारा पैसा असतो, तर धानाची पट्टी ही हातातून जाणारा पैसाही असते. २०२५-२६ साठी केंद्राने धानाचा उत्पादन खर्च, घरच्या माणसांची मेहनत धरून, क्विंटलला १,५७९ रुपये मानला आहे. म्हणजे भाव पूर्ण मिळाला तर खर्चावर उरतात ७९० रुपये. तीन एकरांचे शेत आणि एकरी पंधरा क्विंटल उतारा धरू. पंचेचाळीस क्विंटलांवर वर्षाला साडेपस्तीस हजार शिल्लक. त्यातून घरचे खाणे, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, आजारपण. राज्य सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी दिले तसे हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहन मिळाले तर चोवीस हजारांची भर पडते. तरीही एकूण साठ हजारांच्या आतच.

आता कर्जाचा हिशेब पाहा. तीन लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला ४,८०० रुपयांवर जातो, वर्षाला सुमारे ५८ हजार. म्हणजे शेतीची सारी शिल्लक आणि सरकारी प्रोत्साहनही एकट्या गाडीच्या पोटात. नोंदणीच्या वेळी भरावा लागणारा ११ टक्के वाहनकर आणखी सतरा क्विंटल धान खातो. पेट्रोल, विमा, टायर वेगळेच.

यात खरी मेख आहे ती हप्त्याच्या तारखेची. पगार महिन्याला येतो आणि हप्ताही महिन्याला जातो. ही सांगड नोकरदारासाठी जुळलेली आहे. नव्वदच्या दशकानंतर मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली ती किमतीइतकीच या हप्त्यांमुळे. धान मात्र दिवाळीनंतर निघते आणि केंद्रावर दिल्यावर चुकाऱ्याची वाट पाहावी लागते. रोवणीच्या दिवसांत, जेव्हा घरात पैसा नसतो आणि मजुरी रोख द्यावी लागते, तेव्हाही बँकेचा हप्ता थांबत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील शहरी कुटुंबांपैकी ९.७ टक्क्यांकडे चारचाकी होती, ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त २.३ टक्क्यांकडे. त्यामागे रस्ते आणि हौस ही कारणे असतीलच, पण मुख्य कारण हे आहे. नॅनो तिच्या स्वस्ताईनेही गावाला जिंकू शकली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गावाने निवडले ते वेगळेच. चार माणसे आणि दोन पोती एकत्र नेणारी, वेळप्रसंगी भाडे मिळवून देणारी ओम्नी, ट्रॅक्स, कमांडर. त्यातही पुष्कळदा सेकंडहँड. कमावणारे वाहन शेतकऱ्याला पेलते, नुसते उभे राहणारे पेलत नाही.

गरज कोणती?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला मोटार हवीच कशाला? हा प्रश्न शहरातल्या माणसाला कोणी विचारत नाही. मध्यरात्री बाळंतिणीला ब्रह्मपुरीला किंवा गोंदियाला न्यायचे असते, तेव्हा मोटार ही चैन उरत नाही. काळी-पिवळी रात्री मिळत नाही आणि एसटी सकाळी येते.

म्हणूनच केवळ कर कमी करून हा प्रश्न सुटणारा नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाची परतफेड हंगामानुसार सहामाही वा वार्षिक ठेवण्याची पद्धत बँकांना चांगली ठाऊक आहे. तीच सोय कुटुंबाच्या छोट्या गाडीला का नसावी? धानाचे चुकारे वेळेवर व्हावेत, आणि ज्यांना गाडी कधीच परवडणार नाही त्यांच्यासाठी एसटीच्या फेऱ्या व रात्रीची रुग्णवाहिका भरवशाची असावी. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही.

तोवर घरात गाडीचा विषय निघाला, तर जाहिरातीतील किंमत बाजूला ठेवून पाटीवर दोनच आकडे लिहावेत. खर्च वजा जाता वर्षाला उरते किती आणि हप्ता जातो किती. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा असेल, तरच गाडी स्वस्त म्हणावी.