पाव किलो खारी, अठरा कप चहा

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकविणारे एक तरुण सर एके दिवशी न सांगता गैरहजर राहिले. दुसऱ्या दिवशी आले ते अगदी ठणठणीत. मधल्या सुट्टीत आम्ही विचारले, "काय सर, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "तब्येतीला काही झाले नव्हते मॅडम. काल माझा वाढदिवस होता."

आम्हाला प्रथम काही कळलेच नाही. कळले तेव्हा हातातला घास खाली उतरेना. आमच्या शिक्षकखोलीत रिवाज असा, की ज्याचा वाढदिवस त्याने सर्वांसाठी पेस्ट्री आणायची. एक पेस्ट्री ५० रुपयांच्या खाली येत नाही. चौदा शिक्षकांचे ७०० रुपये झाले. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे मिळतात, आणि तेही वेळेवर मिळतील याचा भरवसा नाही. पेस्ट्रीचे पैसे नाहीत हे चारचौघांत दिसू नये म्हणून त्या मुलाने दिवसभराचे मानधन सोडून दिले होते.

आणि हा रिवाज सुरू कोणी केला? आम्हीच. काही वर्षांपूर्वी आम्हाला वरिष्ठ वेतनश्रेणी लागू झाली, फरकाची रक्कम हाती आली. त्या आनंदात आम्ही एका मोठ्या दुकानातून चौदा पेस्ट्र्यांचा खोका शाळेत नेला. नीयत चांगली होती. पण पुढच्या माणसाला वाटले, आपण कमी आणले तर बरे दिसणार नाही. त्याने तेवढेच आणले, त्याच्या पुढच्याने थोडे वाढवून आणले. खाऊ राहिला बाजूला, ती वर्गणी होऊन बसली.

दुसरी गोष्ट याहून वाईट. शाळेत माणसे चौदा नाहीत, अठरा आहेत. लिपिक आहेत, दोन शिपाई मामा आहेत, झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. खोका मात्र नेहमी चौदाचा. मामा बशा आणून ठेवीत आणि दाराबाहेर जाऊन उभे राहत. इतकी वर्षे हे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते आणि आम्हाला दिसत नव्हते. वस्तू महाग असली की माणसे मोजावी लागतात, आणि माणसे मोजायला बसले की कोणीतरी बाहेर राहतेच.

त्या संध्याकाळी घरी जाताना आम्ही गल्लीतील बेकरीत थांबलो. पुण्याच्या पेठांतून अजूनही अशा बेकऱ्या आहेत. पुढे काचेच्या बरण्या, मागे भट्टी, आणि संध्याकाळी गरम पावाचा वास. रोज पाव घ्यायला आम्ही तेथे जातो, पण शाळेत न्यायचे काही तेथे मिळेल असे कधी मनात आले नव्हते. घरचे ते साधे आणि दुसऱ्याला द्यायचे ते झगमगीत, अशी आपली समजूत. त्या दिवशी बरण्या नीट पाहिल्या आणि भाव विचारले. जे कळले ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत. भाव आमच्या गल्लीतील आहेत, आपल्या गावी थोडा फरक असेल.

सर्वांत स्वस्तात पुरवठ्याला येते ती खारी. वजनाला हलकी, म्हणून पाव किलोत वीस-बावीस तुकडे सहज येतात. आमच्याकडे त्याचे ६० रुपये झाले. मैद्याच्या लाटलेल्या पोळीला वनस्पती तूप लावून पुन्हा पुन्हा घड्या घालतात. भट्टीत आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. मात्र खारी हवेत लगेच नरम पडते. पावसाळ्यात ती सकाळी न घेता आदल्या संध्याकाळी ताजी घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यातून न्यावी. पिशवीतून नेली तर शाळेत चुरा पोहोचतो, हा आमचा अनुभव.

टिकण्याच्या बाबतीत टोस्ट आणि बटर. टोस्ट दोनदा भाजतात. आधी पाव म्हणून, मग काप करून. त्यामुळे ओल राहत नाही आणि बंद डब्यात तो बरेच दिवस चांगला राहतो. बटरच्या नावात लोणी असले तरी चवीत ते फारसे नसते. चहात बुडवल्यावर त्याची खरी गंमत कळते. जिरा बटर गोड नसते, त्यामुळे साखर जपून खाणारे सहकारीही एखादे घेतात.

थोडे सणाचे वाटावे असे हवे असेल तर नानकटाई. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ पाव किंवा रोटी. सुरतेला डचांची वखार होती त्या काळापासून ही चालत आली, असे सांगतात. अर्ध्या किलोत वीस-बावीस नग बसतात. आमच्याकडे त्याचे १५० रुपये पडले. म्हणजे तीन पेस्ट्र्यांच्या पैशांत अख्खी शाळा.

खास दिवस असेल तर इराणी बेकरीतील मावा केक आणावा, प्रत्येकी अर्धा पुरतो. बाहेरगावचे पाहुणे येणार असतील तर पुण्याची श्रूजबेरी बिस्किटे आहेतच. नाव इंग्लंडमधील एका गावाचे, पण आता ती आपलीच झाली आहेत. कॅम्पातील कयानी बेकरी १९५५ सालापासून आहे आणि तेथील रांग पाहुण्यांनाही ठाऊक असते. कोणी हैदराबादला गेले तर येताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा आणावा. थोडे गोड, थोडे खारट, चहाबरोबर फार छान लागते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून ते नाव पडले असे म्हणतात. अशा पुड्याबरोबर चार गोष्टीही येतात, आणि मधली सुट्टी बरी जाते.

आता एक काळजी. आमच्या गणिताच्या मॅडम पेस्ट्री नेहमी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवीत. विचारले तर म्हणत, "डाएट चालू आहे." त्या अंडे खात नाहीत, हे आम्हाला तीन वर्षांनी कळले. आपण केकवरच्या जेलीत जिलेटिन आहे का, असल्यास कशाचे, हे दहादा विचारतो. तशीच चौकशी समोरच्याच्या अंड्याची का करू नये? बंद पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी, आणि अंड्याच्या पदार्थावरही तोच त्रिकोण असतो. सुट्या मालावर खूण नसते, तेथे बेकरीवाल्यालाच विचारावे. नानकटाई, खारी आणि टोस्ट बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचे असतात, पण विचारून घेतलेले बरे. तसेच आणण्याचा दिवस ठरविताना चतुर्थी आणि श्रावणी सोमवार पाहावा. रमजानमध्ये उलट होते. आमच्यासमोर डबा उघडायला सगळे संकोचतात. आम्हीच सांगतो, "खा हो, रोजा आमचा आहे, तुमचा नाही!"

यात सर्वांत आनंदाचा प्रकार म्हणजे आपले साहित्य देऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणणे. आमच्या लहानपणी ईदच्या आठवडाभर आधी अम्मी पिठाचा डबा घेऊन बेकरीत जात, आणि दिवाळीच्या आधी त्याच बाकावर शेजारच्या काकू बसलेल्या असत. पीठ एकमेकांत मिसळू नये म्हणून पत्र्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावीत. पाव काढून झाल्यावर भट्टीची आच उतरत जाते, त्या उतरत्या आचेवर नानकटाई छान भाजते. काही बेकऱ्यांत ही सोय आजही आहे. आमचे प्रमाण असे: अर्धा किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, पाव किलो वनस्पती तूप, दोन चमचे रवा, दोन चमचे बेसन, वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. तूप आणि साखर हलके होईपर्यंत फेसावे, मग बाकीचे घालून हलक्या हाताने मळावे. यात चाळीसच्या वर नग होतात. भाजणावळ धरून आम्हाला साधारण १५० रुपये खर्च आला. शाळेचे भागून घरच्या डब्यातही उरले.

पण रिवाज बदलणे भाव विचारण्याइतके सोपे नव्हते. त्या सरांचे नाव कोठे येऊ द्यायचे नाही, हे आम्ही ठरविले होते. म्हणून काहीच निमित्त नसताना एका सोमवारी पाव किलो खारी घेऊन गेलो आणि मामांना सांगितले, "आज चहा अठरा कप करा." एका सहकाऱ्याने हसत विचारले, "काय मॅडम, महागाई फार वाढली वाटते?" आम्ही म्हटले, "हो, फारच." लाज वाटली नाही असे कसे म्हणावे? थोडी वाटली. पण ज्या लाजेपायी एका मुलाने रजा काढली, तिच्यापुढे ती काहीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी टोस्ट आणले. मग लिपिकांनी नातू झाल्याचे क्रीम रोल आणले, स्वतः वाटले. कोणी कोणी अजूनही पेस्ट्री आणतात, आम्ही त्यांना काही म्हणत नाही. पण आता आणतात ते अठरा आणतात.

शेजारणीने दिलेली भेट बकरीच्या खुरीएवढी असली तरी तिला कमी लेखू नये, ही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती आम्ही नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने समजून घेतली. कोणी थोडे दिले तर नाक मुरडू नये, एवढाच अर्थ. ती देणाऱ्यालाही तेवढीच लागू आहे, हे आम्हाला या वयात कळले. आपले थोडे आहे म्हणून हात आखडू नये. आणि आपले पुष्कळ आहे म्हणून इतके देऊ नये, की दुसऱ्याला आपले थोडे पुढे करायची लाज वाटेल.

जानेवारीत त्या सरांच्या बहिणीचे लग्न ठरले. गावाहून येताना त्यांनी अर्धा किलो जिरा बटर आणले, वर्तमानपत्रात बांधलेला दोऱ्याचा पुडा. तो सोडून त्यांनी पहिले बटर दारातल्या मामांना दिले, मग टेबलावर ठेवले. गणिताच्या मॅडमनी दोन घेतली. पुड्यात उरलेला चुरासुद्धा कोणीतरी चहात टाकून संपविला.

येत्या जुलैत त्यांचा वाढदिवस पुन्हा येईल. त्या दिवशी ते शाळेत असतील, इन्शाअल्लाह. त्यांनी काही आणले तर उत्तमच. नाही आणले तरी आमच्या कपाटात आता एक घट्ट झाकणाचा डबा असतो.