‘नभस्’चा सकार आणि दोन्हीकडचे अज्ञान

आकाशाला रशियन भाषेत ‘नेबो’ म्हणतात. त्याचे अनेकवचन मात्र ‘नेबेसा’! एकवचनाच्या एकाही विभक्तीत न दिसणारा हा सकार आला कोठून? आधुनिक रशियनपुरते पाहिल्यास उत्तर मिळत नाही. प्राचीन चर्च स्लाव्होनिक ग्रंथांत या शब्दाची षष्ठी ‘नेबेसे’ अशी आढळते आणि पंडितांनी पुनर्रचित केलेल्या आदिस्लाव्हिक भाषेतही नपुंसकलिंगी ‘नेबो’, षष्ठी ‘नेबेसे’ हीच रूपे मानली जातात. ‘मनस्’ चालवता येणारा शाळकरी विद्यार्थीही येथे थबकेल. नभस्, नभसः! ग्रीक ‘नेफोस’च्या षष्ठीत हा सकार लोपला, संस्कृतने तो अखंड जपला. स्लाव्हिकने भकाराचा महाप्राण तेवढा गमावला. ‘स्लोवो’, म्हणजे शब्द, त्याची षष्ठी ‘स्लोवेसे’. आपल्याकडे श्रवस्, श्रवसः. हा योगायोग नव्हे.

युरोपच्या भाषांचे कोडे सोडवण्यास जी भाषा लागते, तिला आपले तथाकथित पुरोगामी ‘मृत’ आणि ‘सांप्रदायिक’ ठरवतात. शाळेत संस्कृत शिकवल्यास सेक्युलॅरिझमला बाधा येत नाही, हे सांगण्यासाठी १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, यातच सारे आले.

परंतु स्वकीयांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. ‘नेबो’ ऐकताच ‘रशियन ही संस्कृतची कन्या’ अशी आरोळी ठोकणारे उत्साही वक्ते पाणिनीच्या परंपरेचा मान वाढवत नाहीत. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनीही संस्कृतला माता म्हटले नव्हते. ग्रीक, लॅटिन व संस्कृत यांचा उगम एकच असावा, असे ते म्हणाले होते. हित्ती भाषेतही आकाशाला ‘नेपिश’ आहे. ही भावंडे आहेत. ‘नभोवाणी’तील ‘नभो’ आणि ‘नेबो’ यांचे साम्य कानाला गोड वाटते खरे, पण तो ओकार संधीचा आहे. खरा पुरावा विभक्तीत आहे आणि तो ओळखण्यासाठी रूपे पाठ असावी लागतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेला संस्कृतचा ऐतिहासिक कोश अजून पूर्ण व्हायचा आहे. व्यासपीठावरून संस्कृतचा जयघोष करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला मुलगा वा मुलगी त्या कामाकडे धाडली?